उलटे खिसे

त्यांना कोणी काही विचारलं, की ते आधी उभे राहून पँटचे दोन्ही खिसे बाहेर ओढून उलटे करून दाखवत. सल्ला मागायला आलेला माणूस गोंधळून त्या खिशांकडे बघत राही. पांढरं कापड, कडेची शिवण उसवलेली, कधी त्यातून बडीशेपेचे चार दाणे खाली पडत. "पाहा," ते म्हणत, "माह्यापाशी काई नाई. त्याच्यापाशी हाये. बसा, त्याची गोठ सांगतो." मग ते येशूची एखादी गोष्ट सांगत, आणि गोष्ट संपली की चहा टाकायला उठत. मुलीला अमुक घरी द्यावं का, भावाशी पुन्हा बोलणं सुरू करावं का, ऑपरेशन अकोल्याला करावं की नागपूरला, कशालाच सरळ उत्तर मिळत नसे. तरी लोक येत. चहा पिऊन जात, आणि काही दिवसांनी पुन्हा येत.

मेडशीत सगळे त्यांना फादर म्हणत. खरं तर ते कॅथलिक नव्हते. त्यांना बायको होती, ते झगा घालत नसत. पत्र्याच्या छपराचं एक लहान चर्च आणि बोटांवर मोजता येतील एवढ्या घरांची मंडळी सांभाळणारे ते पाळक होते. सुरुवातीला ते लोकांना दुरुस्त करायचे म्हणे. मग तेही सोडून दिलं. मी त्यांना काका म्हणायची. काकूंना काकू म्हणायची, त्यामुळे आपोआप ते काका झाले.

मी तिथल्या शाळेत विज्ञान शिकवायला रुजू झाले तेव्हा गावात खोली मिळेना. सकाळी रिकामी असलेली खोली आडनाव सांगितलं की दुपारपर्यंत भरलेली असायची. आम्ही रिठदचे, बौद्ध. मला याची सवय होती, पण सवय असली म्हणून राग येत नाही असं नाही. शेवटी कोणीतरी चर्चच्या मागचं घर दाखवलं. काकू ओट्यावर बसून लसूण सोलत होत्या. त्या नगरकडच्या, बोलणं ठसकेबाज. त्यांनी आडनाव विचारलं नाही. म्हणाल्या, "लसूण सोलता येतो का? मग बस. ह्यांना सोलायला दिला तर हे पाकळी टाकून देतात आणि साल पातेल्यात."

पहिल्याच आठवड्यात मी बसस्टँडवर भजी घेतली. भजी ज्या कागदात होती तो कागद इंग्रजी पुस्तकाचा होता. जाड, पिवळसर, चांगल्या प्रतीचा. खाली बारीक टिपा, त्यांत ग्रीक अक्षरं. भौतिकशास्त्रात ग्रीक अक्षरांशी माझा रोजचा संबंध, म्हणून मी तो पुसून वाचायला लागले. जगात दुःख का आहे यावर कोणीतरी फार विचार करून लिहिलेलं होतं. मी तो कागद काकांना आणून दाखवला. त्यांनी तो उजेडात धरला, ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हे चांगलं पुस्तक होतं. तेल पाहा किती पेते."

दोन कपाटं भरून पुस्तकं त्यांनी भजीवाल्याला देऊन टाकली होती. गावात ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती, आणि त्यांना बह्याड, म्हणजे वेडा, म्हणण्यासाठी लोकांना तेवढं पुरेसं होतं. तरुणपणी ते धर्मशास्त्र शिकायला लांब दक्षिणेत गेले, तिथे पहिले आले, ग्रीक आणि हिब्रू शिकले. त्यांनी मोठ्या शहरात राहावं, शिकवावं, असं त्यांच्या गुरूंचं म्हणणं होतं. ते इकडेच परत आले, कारण ते इकडचेच. पण येताना ती दोन कपाटं घेऊन आले. तेव्हाचे त्यांचे उपदेश ऐकायला अकोल्याहून लोक यायचे असं चर्चमधले म्हातारे सांगत. समजायचं काय, असं विचारलं तर म्हातारे जरा थांबत आणि म्हणत, "लय भारी बोलत."

माझ्या वेळेपर्यंत ते तसं बोलत नव्हते. ते वऱ्हाडीत गोष्ट सांगत आणि खाली बसत. एकदा वार्षिक सणाला शहरातून त्यांच्या मंडळींचे कोणी मोठे साहेब आले होते. त्यांनी काकांची जुनी कीर्ती ऐकलेली. चर्च भरलं होतं, मीही मागच्या बाकावर जाऊन बसले होते. काका उठले आणि म्हणाले, "एक माणूस पातूरहून मेडशीले येऊन राह्यला होता. घाटात त्याले चोरायनं धरलं." बाकांवरची माणसं हलली. त्या घाटातून न गेलेलं तिथे कोणी नव्हतं. त्याला मारून रस्त्याच्या कडेला टाकलं. एक पुढारी तिकडून गेला, त्यानं गाडीची काच वर केली. एक पाळक गेला, त्याला उपदेशाची घाई होती. "तो पाळक मी होतो," काका म्हणाले. मग ज्याच्या हातचं पाणीही गावात कोणी पीत नव्हतं असा एक जण आला, आणि त्यानं त्याला उचललं. गोष्ट संपली. काका खाली बसले. मोठे साहेब उरलेल्या भाषणाची वाट बघत राहिले, आणि पेटी वाजवणाऱ्याला पुढचं गाणं कधी सुरू करावं ते कळेना.

बाहेर आल्यावर मंडळीतले एक वडीलधारे काकूंना म्हणाले, "बाई, एवढं शिकेल माणूस, आन बोलून राह्यला कसा. आमची इज्जत गेली." काकू म्हणाल्या, "तुमची गेली असेल. जेवायला वाढलंय, चला."

मी वादाच्या घरात वाढले. आजोबांनी दीक्षा घेतली त्या वर्षी आमच्या घरातून देव गेले आणि पुस्तकं आली. माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते. ते आम्हाला भाकरीबरोबर प्रश्न वाढत. विचार, पटलं तर घे, नाई तं सोड, एवढा एकच नियम. अशा घरातली मुलगी एका पाळकाच्या घरात राहायला आली, तर ती गप्प बसणार नव्हती. संध्याकाळी ओट्यावर मी काकांना घेरायची. चमत्कार, उत्पत्ती, मेलेला माणूस उठणं. ते लक्ष देऊन ऐकत, मध्येच म्हणत, "हे तुमी बरोबर बोलल्या," किंवा "याचं उत्तर मले येत नाई." ज्याला हरायला एवढं आवडतं असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मी जिंकून खोलीत यायची, आणि जिंकल्यासारखं काही वाटत नसे. ते मुद्दाम हरत नव्हते. त्यांना त्या खेळातच रस उरला नव्हता.

फक्त एकदा ते जिंकले. त्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे.

बसस्टँडवरच्या हॉटेलात आम्ही चहा पीत होतो. मालेगावच्या कॉलेजात जाणारा गावातलाच एक तरुण मित्रांसोबत बसला होता. तो काकांना म्हणाला, "फादर, एक सांगा. तुमचा येशू सोताले वाचवू शकला नाई. खिळे ठोकले तं ठोकू देले. तो तुमाले काय वाचवन?" मित्र हसले. एरवी काकांनी खिसे उलटे केले असते. त्या दिवशी काय झालं कोण जाणे, त्यांचा चेहरा बदलला. ते वऱ्हाडी सोडून पुस्तकी मराठीत बोलायला लागले. आवाज खाली, वाक्यं धारदार, एकातून दुसरं निघणारं. त्यांनी त्या मुलाला आधी तीन-चार गोष्टी कबूल करायला लावल्या, मग त्या कबुल्यांचीच दोरी करून त्याला बांधला. सगळं हॉटेल ऐकत होतं. शेवटी त्या मुलाचे मित्र त्यालाच हसले. तो लालबुंद होऊन उठून गेला. त्या दिवशी मला कळलं की अकोल्याहून लोक काय ऐकायला यायचे. मी मनात टाळ्या वाजवल्या.

काका मात्र अर्धा चहा तसाच टाकून घरी आले आणि जेवले नाहीत. काकूंनी विचारलं तर म्हणाले, "माह्यातला मेलेला माणूस उठला आज." दुसऱ्या दिवशी सकाळी ते त्या मुलाच्या घरी गेले. शाळेला जाताना मी त्यांच्यासोबत होते, म्हणून त्या घराच्या दारातच थांबले. मुलाची आई घाबरली, पोरानं काही केलं का म्हणून. मुलगा मान खाली घालून बाहेर आला. काका त्याला म्हणाले, "काल मी जिंकलो. माफ कर. तू जे म्हणत होता ते खरंच हाये. त्यानं सोताले वाचवलं नाई. तीच तं गोठ हाये, बावा. ते सोडून मी भलतंच बोलत बसलो." आईनं चहा केला. काका आदल्या दिवशीचा राहिलेला अर्धा कपही जणू तिथेच प्यायले.

त्या वेळी मला हे सगळं विचित्रच वाटलं. ज्या माणसाकडे इतकं आहे त्यानं खिसे रिकामे असल्याचं सोंग का करावं, असं मी काकूंना विचारलंही. काकू तुरीची डाळ पाखडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"तू राहतेस ती खोली आमच्या मुलीची होती," त्या म्हणाल्या.

मला माहीत नव्हतं. भिंतीवर फोटो नव्हता, कोणी कधी बोललं नव्हतं. ती अकरावीत होती. साधा ताप म्हणून सुरू झाला. अकोल्याला नेलं, तिथून ती आली नाही. काका त्या आधी कितीतरी घरांत असं दुःख झाल्यावर जाऊन बोलून आले होते. आता ते आपल्याच पुस्तकांच्या खोलीत जाऊन बसले. जेवायला बाहेर येत आणि पुन्हा आत. काकू बाहेर, ते आत. आणि मग एक दिवस ते बाहेर आले आणि काकूंना समोर बसवून त्यांनी सांगितलं, की देव असं का होऊ देतो. पहिलं कारण, दुसरं कारण, तिसरं. फार नीट सांगितलं. शेवटी विचारलं, कळलं का.

"मी म्हटलं, मला एकच सांगा. येशूला क्रुसावर चढवला तेव्हा त्याची आई तिथं उभी होती का?"

"मग?"

"म्हणाले, हो, होती. मी म्हटलं, शेवटपर्यंत? म्हणाले, शेवटपर्यंत. म्हटलं, मग मला एवढंच सांगायचं होतं ना. मला तिच्याशेजारी उभं राहायला जागा हवी होती." काकूंनी डाळीतला एक खडा वेचून बाहेर टाकला. "तेव्हा रडले. मुलगी गेल्यापासून पहिल्यांदा. दुसऱ्या दिवशी भजीवाल्याला हाक मारली. मी म्हटलं, पुस्तकांचा काय दोष. पुस्तकं वाईट नव्हती गं. ह्यांना त्यांच्यामागं लपायची सवय होती. पण ऐकेनात. एक जाडजूड तेवढं मी ठेवून घेतलंय, मिक्सरखाली. ओटा उतरता आहे ना."

त्या दिवसानंतर मी काकांना घेरायचं बंद केलं. पटलं म्हणून नाही. मला त्यांच्या गोष्टी ऐकायच्या होत्या, आणि मी बोलत राहिले की त्या ऐकायला मिळत नसत.

पुढे बाबा आजारी पडले. फुप्फुसांचं दुखणं. अकोल्याच्या डॉक्टरांनी घरी घेऊन जा म्हणून सांगितलं, म्हणजे काय ते आम्हाला कळलं. मी शनिवारी रिठदला जायची, सोमवारी पहाटे निघायची. बाबांना बोलताना धाप लागे, पण ते बोलायचे थांबले नव्हते. मी काकांचं काही ना काही सांगत असे. एकदा ते म्हणाले, "तुह्या त्या फादरले घेऊन ये. जिंदगीत एका पाद्र्याशी नीट वाद घालायचा राहून गेला."

काका रविवारची उपासना आटोपून मालेगाव, वाशीम अशा गाड्या बदलत दुपारी आले. हातात काकूंनी दिलेले शेंगदाण्याचे लाडू. बाबांनी दाढी करून घेतली होती, पांढरा सदरा घातला होता, उशीला टेकून बसले होते. पाणी झालं, चहा झाला. मग बाबा म्हणाले, "सांगा. देव हाये हे सिद्ध करा."

काका उभे राहिले आणि त्यांनी खिसे उलटे केले.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "हा माणूस बह्याड हाये काय?"

"हो," मी म्हटलं.

बाबा हसायला लागले. हसता हसता खोकला आला, खोकल्यात पुन्हा हसू आलं, आईनं धावत येऊन पाठ चोळली. "मंग आले कायले?" असं त्यांनी धाप जरा थांबल्यावर विचारलं. काका म्हणाले, "तुमी बलावलं म्हणून."

त्यानंतर ते येतच राहिले. वाद झालाच नाही. बाबा त्यांना आपल्या विद्यार्थ्यांचं सांगत, बदल्यांचं सांगत, आजोबा दीक्षेहून परत आले तेव्हा घरात काय काय झालं ते सांगत. काका ऐकत. कधी काका शुभवर्तमानातली येशूची गोष्ट सांगत, बाबा मध्येच थांबवून शंका काढत, काका म्हणत, माहीत नाई, आणि पुढे सांगत. रविवार आला की बाबा सकाळपासून तयारीत असायचे. गाडीला उशीर झाला तर आईला दोनदा रस्त्यावर पाठवत.

एका दुपारी मी स्वयंपाकघरात होते. कुकर उतरवला होता, त्यामुळे बाहेरचं स्पष्ट ऐकू येत होतं. मग बाबा म्हणाले, "फादर, भेव वाटते."

आपल्याला भीती वाटते असं माझ्या वडिलांनी बोललेलं मी कधीही ऐकलं नव्हतं. आईनंही नसावं. मी हातातलं पातेलं तसंच धरून उभी राहिले. मला माहीत होतं की काकांना यावर बोलता येईल. त्यांच्याकडे कधीकाळी दोन कपाटं भरून उत्तरं होती. आतून मी म्हणत होते, बोला, काहीतरी चांगलं बोला.

काका म्हणाले, "त्यालेबी वाटलं होतं."

"कोणाले?"

"येशूले. मारायच्या आधल्या रातचीला. बागेत जाऊन बसला. आंगाले घाम फुटला. बापाले म्हणे, हे टळत असन तं टाळ. सोबतीले दोस्त नेले होते, ते झोपी गेले."

"देव आन भेला?"

"हो."

"मंग तो कायचा देव?" बाबांचा गुरुजीचा आवाज परत आला होता.

"तोच," काका म्हणाले. "भेणारा. न भेणारा असता तं मी त्याच्यापाशी गेलो नसतो, गुरुजी. मी लय भेकड माणूस हाये."

मी दारातून वाकून पाहिलं. काकांनी त्यांचा हात हातात घेतला होता आणि दोघंही खिडकीबाहेर बघत होते, जिथे बघण्यासारखं काही नव्हतं. शेजाऱ्यांची शेळी, वाळत घातलेली गोधडी. शेवटी बाबा म्हणाले, "मले हे पटलं नाई, फादर. पण बरं वाटलं."

बाबा गेले तेव्हा शेतात तूर उभी होती. सगळं आमच्या रीतीनं झालं. भंतेजी आले, वंदना झाली, माणसं पांढऱ्या कपड्यांत सतरंजीवर बसली. काका सगळ्यांच्या मागे मांडी घालून बसले होते. हात जोडलेले, डोळे मिटलेले. ते कोण, असं कोणीतरी विचारलं. माझ्या आईनं सांगितलं, "गुरुजीचे दोस्त."

नंतर कधीतरी मी त्यांना विचारलं, की तुम्ही बाबांना एकदाही का म्हणाला नाहीत, येशूला माना म्हणून. तुमचं तर ते कामच. काका म्हणाले, "मी सांगतलं, त्यायनं आयकलं. आता ते दोघं पाहून घेतीन. मधात मी कायले?" हे त्यांनी इतक्या सहज म्हटलं, शेजारच्या दोन घरांविषयी बोलावं तसं, की मला त्यांचा हेवा वाटला. बाबा आता कुठे आहेत, हा प्रश्न माझ्यासाठी बंद दार होता. त्यांच्यासाठी तिथे कोणीतरी बसलेलं होतं, आणि ते ओळखीचं होतं.

मग माझी बदली मंगरूळपीरला झाली. लग्न झालं, मुलं झाली. काका निवृत्त झाले, चर्चचं घर सोडावं लागलं, आणि ती दोघं वाशीमला काकूंच्या भाच्याच्या शेजारी दोन खोल्यांत राहायला आली. नाताळात मी करंज्या घेऊन जायची. दर वेळी परत येताना गाडीत मला ओट्यावरच्या त्या संध्याकाळी आठवायच्या. मी काय गमावलं ते मला नीट सांगता येत नसे. मी ख्रिस्ती नव्हते, नाही. पण कोणीतरी आपल्यासमोर बसून, स्वतःचं काहीही न मिसळता, एक गोष्ट सांगावी आणि ती आपल्याला झेलून धरेल याची सांगणाऱ्याला पुरेपूर खात्री असावी, असं पुन्हा माझ्या वाट्याला आलं नाही. शाळेत मी रोज बोलते. घरी बोलते. सगळ्यांकडे सगळ्याची कारणं आहेत. मोबाईलवर दिवसभर कारणं येत राहतात.

काका गेले त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात काकूंचा फोन आला. "येऊन जा एकदा. ह्यांचं एकेक चाललंय," त्या म्हणाल्या. मला वाटलं तब्येत. तब्येत बरी होती. चाललं होतं ते दुसरंच. आधी ग्रीक गेलं, मग इंग्रजी, मग माणसांची नावं. मग त्या गोष्टीही. काकू त्यांना सांगायला बसत, तर ते म्हणत, "बाई, तुमी लय थकल्या. पडा जरा." बायकोला ते बाई म्हणत होते.

मी गेले तेव्हा ते खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. मला म्हणाले, "या, बसा. तुमी कोणाच्या?" मी रिठदचं सांगितलं, मेडशीचं सांगितलं, गुरुजींचं नाव घेतलं. पाहुण्याचं मन राखावं म्हणून त्यांनी मान हलवली. काकूंनी सरबत दिलं. थोडा वेळ उन्हाचं बोलणं झालं. मग ते माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "मले आता काईच येत नाई. विचारलं तं काय सांगू?"

"कोण विचारणार, काका?"

"तथी गेल्यावर विचारतीन न." त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "पह्यले लय येत होतं म्हणतात. आता एक बी नाई येत."

मी काकूंकडे पाहिलं. काकूंनी मान फिरवली. या खोलीत बोलण्यासारखं माझ्याकडे काय होतं? मला प्रकाशाचा वेग सांगता येतो. त्या माणसाला भीती वाटत होती, आणि त्याच्या भीतीवर एकच माणूस काही सांगू शकला असता, आणि तो हाच होता. म्हणून मग मी त्यांच्यासारखंच केलं. मी म्हटलं, "काका, एक गोठ सांगू?"

"सांगा."

"एक चोर होता. येशूले क्रुसावर ठोकलं, तवा त्याच्या बाजूले त्यालेबी ठोकलं होतं."

"काय केलं होतं त्यानं?"

"लय वाईट केलं होतं. त्यानं सोताच सांगतलं, मले शिक्षा भेटून राह्यली ते बरोबर हाये म्हणे."

"मंग?"

"मंग तो येशूले म्हणे, तुमी तुमच्या राज्यात जासान, तवा माही आठवण ठेवजा."

ते एकाग्र होऊन ऐकत होते. हजार वेळा सांगितलेली ही गोष्ट त्यांनी जणू कधी ऐकलीच नव्हती. "शिकेल होता काय तो?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"प्रार्थना येत होती?"

"नाही, काका. तेवढंच बोलला."

"मंग? घेतलं त्याले?"

"घेतलं. आजच माह्यासोबत राहशीन म्हणे."

काका मागे टेकले. बाहेर कोणीतरी मोटारसायकल सुरू करायचा प्रयत्न करत होतं आणि ती होत नव्हती. मग ते म्हणाले, "मंग मलेबी घेईन."

काकूंनी तोंडाला पदर लावला. काकांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मी कोण हे त्यांना अजून माहीत नव्हतं. गाडीत आधी चढलेला माणूस खाली राहिलेल्याला सांगतो तसं ते म्हणाले, "तुमची जागा धरून ठेवतो मी. रुमाल टाकून ठेवतो, खिडकीपाशी."

मी त्यांचा हात हातात घेतला. मंगरूळपीरची गाडी सुटायची वेळ झाली होती, काकू तसं म्हणाल्याही. पण काकांनी माझा हात सोडला नव्हता, आणि मला तो सोडवून घ्यायचा नव्हता.